घारीवर नेम धरण्यापूर्वी : नवशिक्यांसाठी कॅमेरा-प्रवेशिका

प्रस्तावना

खेळाचे आणि वन्यजीवांचे फोटो काढू इच्छिणाऱ्या होतकरूंसाठी ही प्रवेशिका आहे. फुलं, सूर्यास्त, जेवणाची ताटं आणि बाळाचं बारसं टिपणाऱ्यांना कोणताही कॅमेरा चालतो, त्यांनी पान उलटावं. बाकीच्यांनी अभ्यासक्रमाचा क्रम आधी नीट समजून घ्यावा. या छंदात आधी मत बनवायचं असतं. मग त्या मताला शोभेल असा कॅमेरा घ्यायचा असतो. फोटो काढायला शिकणं हा ऐच्छिक विषय आहे.

घराणी मुख्यतः तीन : कॅनन, निकॉन आणि सोनी. फुजी आणि ओएम सिस्टिमवालेही असतात, पण ते बहुधा समजूतदार निघतात आणि त्यामुळे वादाला निरुपयोगी ठरतात. त्यांचा विचार इथे केलेला नाही.

पाठ १ : सल्ला कोणाचा घ्यावा

हिवाळ्यातल्या रविवारी दहाच्या सुमारास छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादच्या, शहागंजात यावं. घड्याळाच्या मनोऱ्याच्या आसपास एखाद्या चहावाल्याकडे उभं राहावं. पहाटे जायकवाडी धरणावर पक्षी टिपून आलेली मंडळी खाकी टोप्या आणि हिरव्या-करड्या ठिपक्यांची जॅकेटं घालून तिथे भेटतील. पक्ष्यांना आपण दिसू नये म्हणून घेतलेले हे कपडे शहागंजच्या गर्दीत अर्ध्या किलोमीटरवरून ओळखू येतात.

इथे फक्त एक वाक्य टाकायचं : "दादा, कॅमेरा घ्यायचाय, कोणता घेऊ?" पुढचं आपोआप घडतं.

"कॅनन घे. रंग बघ त्याचे."

"रंग काय चाटायचे? निकॉन घे. हातातून पडला तरी चालतो."

"अरे मियाँ, दोनों छोडो. सोनी लेव. डोळा पकडता तो छोडता नै."

चौथा माणूस काहीच बोलत नाही. त्याने दोन महिन्यांपूर्वी घराणं बदललेलं असतं. जुन्या लेन्सा पडत्या भावात विकलेल्या असतात आणि ही बातमी अजून घरी पोचलेली नसते. या माणसाजवळ जाऊन उभं राहावं. खरी माहिती त्याच्याकडे आहे.

नवशिक्याने प्रत्येकाला एकच प्रश्न विचारावा : "पुढच्या रविवारी तुमची मोठी लेन्स मला तासभर मिळेल का?" जो "ये की घेऊन जा" म्हणेल, त्याचं घराणं ते आपलं घराणं. इतका सोपा निकष दुसरा नाही. उरलेले पाठ केवळ प्रवेशिकेची पानं भरावीत आणि रविवारी बोलायला काहीतरी असावं म्हणून दिले आहेत.

पाठ २ : घराण्यांचा इतिहास

वादात उतरण्याआधी वंशावळ पाठ असावी.

कॅननचा पहिला नमुना १९३४ साली जपानमध्ये तयार झाला, तेव्हा त्याचं नाव 'क्वानॉन' होतं. क्वानॉन म्हणजे जपानी बौद्ध परंपरेतला करुणामय बोधिसत्त्व, आपला अवलोकितेश्वर. लेन्सचं नाव ठेवलं होतं 'कश्यपा', बुद्धशिष्य महाकाश्यपावरून. आता शहागंजातून बीबी का मकबऱ्याकडे आणि तिथून मागच्या डोंगरातल्या औरंगाबाद लेण्यांकडे जावं. सातव्या लेण्यात हाच अवलोकितेश्वर भक्तांना अष्टमहाभयांतून सोडवताना कोरलेला आहे. आग, तलवार, बेड्या आणि जहाजफुटीबरोबर त्या भिंतीवर सिंह, साप आणि हत्तीही आहेत. वन्यजीवांच्या छायाचित्रकाराला लागणारी तीन मुख्य अभयं एकाच ठिकाणी मिळतात. कॅननवाल्यांनी हा मुद्दा अवश्य वापरावा, यावर निकॉनवाल्यांना चटकन उत्तर सुचत नाही.

निकॉनवाल्यांनी मात्र गप्प बसू नये. त्यांची कंपनी १९१७ ची, 'निप्पॉन कोगाकु' या नावाने सुरू झालेली. कॅननचा पहिला कॅमेरा, हान्सा कॅनन, १९३६ मध्ये बाजारात आला, तेव्हा कॅननला स्वतःची लेन्स बनवता येत नव्हती. त्या कॅमेऱ्यावर जी लेन्स होती ती निक्कोर, म्हणजे निकॉनच्या घरची. शहागंजात हे वाक्य शांतपणे म्हणून चहाचा घोट घ्यावा.

आता सोनीवाला हसायला लागेल. त्याचं घराणं सर्वांत नवं. कोनिका-मिनोल्टाने २००६ मध्ये कॅमेऱ्याचा धंदा सोडला, तो सोनीने घेतला. पण निकॉनच्या कितीतरी कॅमेऱ्यांतला सेन्सर, म्हणजे प्रत्यक्ष चित्र टिपणारा भाग, सोनीच्याच कारखान्यात तयार होतो. सारांश, पहिल्या कॅननला डोळा निकॉनने दिला आणि निकॉनला पडदा सोनी देते. कंपन्यांचं आपसांत असं चाललेलं असतं. भांडण्याचं काम त्यांनी गिऱ्हाइकांवर सोपवलं आहे, आणि गिऱ्हाईक ते बिनपगारी करतं.

पाठ ३ : बॉडी आणि माउंट

नवशिक्या बॉडीवर भाळतो. बॉडी म्हणजे नवरा मुलगा; माउंट, म्हणजे बॉडीवर लेन्स जिथे बसते ते कडं, हे सासर. मुलगा देखणा असतोच, पण नांदायचं सासरी असतं. बॉडी चार-पाच वर्षांत जुनी होते, लेन्स पंधरा-वीस वर्षं टिकते, आणि एका घराची लेन्स दुसऱ्या घरात सुखाने नांदत नाही.

सासरची चौकशी अशी करावी. निकॉनने एफ माउंट १९५९ मध्ये आणला आणि तो पुढे साठ वर्षं चालवला. कॅननने १९८७ मध्ये नवा ईएफ माउंट आणला, आणि जुन्या एफडी लेन्सा घेतलेले लोक एका रात्रीत पोरके झाले. २०१८ मध्ये दोघांनीही आरसा काढून टाकलेल्या, म्हणजे मिररलेस, कॅमेऱ्यांसाठी नवे माउंट आणले : कॅननचा आरएफ, निकॉनचा झेड. जुन्या लेन्सा अॅडॅप्टर लावून चालतात. सोनीचा ई माउंट २०१० चा. सिग्मा आणि टॅमरॉनसारख्या बाहेरच्या कंपन्यांना सोनीने दार पहिल्यापासून उघडं ठेवलं, निकॉनने ते निवडक पाहुण्यांना उघडलं, आणि कॅनन त्या बाबतीत सर्वांत सोवळं. खिसा हलका असणाऱ्याने हा मुद्दा अधोरेखित करावा. अर्थात सोनीच्या बॉडीवर बाहेरची लेन्स लावली की सेकंदाला १५ फोटोंच्या पुढे जाता येत नाही. पाहुण्यांना पंगत वेगळी.

घराणं बदलण्याचा एक खर्च कोणी सांगत नाही, तो बोटांचा. निकॉनची लेन्स कॅननच्या उलट दिशेने फिरवून बसते आणि झूमची रिंगही उलटी फिरते. वीस वर्षं निकॉन वापरलेला माणूस कॅनन घेतो, समोर ससाणा येतो, आणि हात सवयीने नेमका चुकीच्या बाजूला झूम करतो. ससाण्याच्या जागी आख्खं गंगापूर तालुक्याचं आकाश येतं.

पाठ ४ : आकडे कसे वाचावेत

जाहिरातीत आकडे तीन प्रकारचे असतात.

पहिला आकडा वेगाचा. सोनीच्या ए-नाइन मार्क थ्रीने सेकंदाला १२० फोटोंपर्यंत मजल मारली आहे. हा आकडा ऐकून छाती भरून येते. मग हिशेब करावा : सेकंदाला केवळ २० फोटो धरले तरी खंड्या एक मिनिट फांदीवर बसून राहिला की १२०० फोटो झाले. त्यातले ११९९ पुसायला कोण बसणार? खंड्या तर हललाही नव्हता.

दुसरा आकडा छिद्राचा, म्हणजे एफ क्रमांकाचा. तो जितका लहान तितका उजेड जास्त. सोनीची २००-६०० आणि निकॉनची १८०-६०० या दोन्ही लेन्सा लांबच्या टोकाला ६.३ वर थांबतात. कॅननची २००-८०० मिलिमीटर लेन्स आणखी लांब जाते, पण टोकाला ९ वर. ६.३ वरून ९ वर गेलं की उजेड निम्मा होतो आणि आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, दुप्पट करावा लागतो. म्हणजे कॅननवाला पक्ष्याच्या जास्त जवळ आणि निकॉनवाला उजेडाच्या जास्त जवळ. दोघं आपापल्या जागी बरोबर आहेत, पण हे शहागंजात मोठ्याने बोलू नये, सभा तिथेच संपते. तिन्ही लेन्सा दोन किलोच्या आसपास भरतात आणि दीड-दोन लाखांच्या घरात जातात. ६०० मिलिमीटर एफ ४ ही मोठी लेन्स दहा लाखांच्या पुढची आहे. ती लेन्स असलेल्या माणसाशी नम्रपणे वागावं (पाठ १ पाहा).

तिसरा आकडा मेगापिक्सेलचा. तो घरच्यांना पटवण्यासाठी असतो.

रंगाबद्दलही विचारलं जातं : लेन्स पांढरी घ्यावी की काळी? कॅननने मोठ्या लेन्सा पांढऱ्या करायला सुरुवात केली त्यामागे कारण होतं. आत फ्लोराइटचं भिंग असतं, ते उष्णतेने प्रसरण पावतं आणि पांढरा रंग ऊन परतवतो. मराठवाड्याच्या मे महिन्यात हे पटण्यासारखं आहे. सध्या मात्र पांढऱ्या लेन्सचा मुख्य उपयोग लांबून ओळख पटण्यासाठी होतो.

पाठ ५ : शहागंजातली चाचणी

दुकानात काउंटरवर ठेवलेल्या खेळण्यातल्या पोपटावर कॅमेरा तपासू नये. तो कोणत्याही कॅमेऱ्यात छान येतो. शहागंजच्या आकाशात घारी आहेत. प्रवेश फी नाही, परवाना नाही.

कृती : मित्राचा कॅमेरा, आपलं मेमरी कार्ड. शटर १/२००० वर ठेवावं, फोकस सतत पाठलाग करणाऱ्या पद्धतीवर, पक्षी ओळखण्याची सोय चालू. घार वर गोल गोल फिरत असते तोवर तिन्ही घराण्यांचे कॅमेरे तिला धरून ठेवतात, कारण मागे फक्त आकाश असतं. खरी परीक्षा पुढे आहे. घार पंख आखडते, शेपटीची खाच वाकवून वळते आणि खाटकाच्या दुकानापुढे पडलेल्या तुकड्यावर झेपावते. त्या दोन सेकंदांत तिच्या मागचं आकाश जातं. विजेच्या तारा येतात, वाढदिवसाच्या शुभेच्छांचे फ्लेक्स येतात, पत्र्याची छपरं येतात. कॅमेरा गोंधळतो आणि फ्लेक्सवरच्या एखाद्या भावी नगरसेवकाचा डोळा अत्यंत सुस्पष्ट टिपतो. जो कॅमेरा नगरसेवक सोडून घार धरतो तो घ्यावा.

ही चाचणी तिघांच्या कॅमेऱ्यांवर केली की एक चमत्कारिक गोष्ट दिसते. गेल्या काही वर्षांतले, बऱ्यापैकी किमतीचे, तिन्ही घराण्यांचे कॅमेरे जवळपास सारखेच पास होतात. नापास होतो तो कॅमेरा धरणारा, कारण त्याने घार चौकटीत घेण्याआधीच बटण दाबलेलं असतं. चाचणीचा हा निष्कर्ष कोणत्याही घराण्याला मान्य नाही.

पाठ ६ : मैदान

गारखेड्याचं विभागीय क्रीडा संकुल किंवा आमखास मैदान यांपैकी जवळचं निवडावं.

परदेशी कॅमेऱ्याला खेळ कळतो असं सांगतात. कॅननने २०२४ मध्ये आणलेले आर-वन आणि आर-फाइव्ह मार्क टू फुटबॉल, बास्केटबॉल आणि व्हॉलीबॉलमधली कृती ओळखतात, कोण चेंडू मारतोय ते ताडून फोकस तिकडे नेतात. यादीत कबड्डी नाही, खो-खो नाही. खो-खोत पाठलाग करणाऱ्या संघाचे आठ खेळाडू चौकात बसलेले असतात, एक इकडे तोंड करून, दुसरा तिकडे. डोळे शोधणारा कॅमेरा सर्वांत जवळचा, स्थिर, स्वच्छ दिसणारा चेहरा धरतो. म्हणजे बसलेला. पळणारा खेळाडू मागे धूसर पट्ट्यासारखा निघून जातो. उपाय साधा आहे : डोळे ओळखण्याची सोय बंद करावी, फोकसचा चौकोन लहान करावा आणि खांबाजवळ बसून राहावं. पळणारा खांबाला वळसा घालताना क्षणभर वेग कमी करतो, तेवढंच पुरतं.

कबड्डीत जागा महत्त्वाची. चढाई करणाऱ्याचं तोंड बचाव करणाऱ्यांकडे असतं, म्हणून त्याचा चेहरा हवा असेल तर शेवटच्या रेषेमागे बसावं. पण तो पकडला गेला की मध्यरेषेकडे झेपावतो, चेहरा आणि लांबवलेला हात दोन्ही उलट्या बाजूला जातात. तो क्षण मध्यरेषेच्या टोकाशी बसलेल्यालाच मिळतो. एका चढाईत दोन्ही जागा साधत नाहीत. चढाई ३० सेकंदांची असते, त्यात उठून पळू नये, पंच आधी आपल्याला बाद करतात.

बंदिस्त हॉलमध्ये आणखी एक शत्रू आहे : दिवे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे कित्येक दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. डोळ्याला कळत नाही, १/१००० च्या शटरला कळतं. एक फोटो उजळ, पुढचा पिवळट, तिसऱ्यात आडवे पट्टे. अशा वेळी पुष्कळ लोक कंपनी बदलतात. त्याऐवजी मेनूमधली 'अँटी-फ्लिकर' नावाची सोय चालू करावी. ती तिन्ही घराण्यांच्या चांगल्या कॅमेऱ्यांत असते, वर्षानुवर्षं न उघडलेल्या पानावर.

पाठ ७ : पाणवठा

शहरापासून साधारण ५० किलोमीटरवर पैठण आणि तिथला नाथसागर, म्हणजे जायकवाडी धरणाचा जलाशय. जायकवाडी पक्षी अभयारण्य १९८६ मध्ये जाहीर झालं. हिवाळ्यात पट्टकदंब हंस, चक्रवाक, सुरय, शेकाटे, आणि नशीब असेल तर रोहित. वारकरीही भरपूर. पैठणला आल्यावर वारकरी दिसणारच, हे वारकरी काळे असून कपाळाला पांढरा टिळा लावतात आणि पाण्यात पोहतात.

रोहित पक्ष्याला उथळ पाणी आणि चिखल लागतो. धरण काठोकाठ भरलं की चिखल पाण्याखाली जातो आणि रोहित दुसरीकडे वळतात. म्हणून ज्या वर्षी सगळा मराठवाडा भरलेल्या नाथसागराचं जलपूजन करतो, त्या वर्षी फोटोग्राफर तोंड पाडून हिंडतात. आपलं दुःख त्यांनी शेतकऱ्यांसमोर बोलून दाखवू नये.

पोचण्याची वेळ उजाडण्यापूर्वीची. दहानंतर पाण्यावरची हवा तापून थरथरायला लागते आणि लांबचा रोहित गुलाबी धुरासारखा दिसतो. दहा लाखांची लेन्स हा धूर आणखी मोठा करून दाखवते. यावर कोणत्याही कंपनीकडे इलाज नाही. इलाज गजराच्या घड्याळाकडे आहे, आणि ते दीडशे रुपयांत मिळतं.

घरट्याजवळ जाऊ नये. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावू नये. थवा उडताना छान दिसतो म्हणून दगड मारणाऱ्याला लेन्स उसनी देऊ नये, मग तो आपल्या घराण्याचा का असेना.

पाठ ८ : घराण्याबाहेरचे दोन कॅमेरे

या परिसरातला जुना मोठा छायाचित्रकार म्हणजे मेजर रॉबर्ट गिल. अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रती करायला १८४४ मध्ये नेमलेला हा लष्करी अधिकारी पुढे कॅमेऱ्याकडे वळला. पश्चिम भारतातली वास्तुकला आणि निसर्ग यांची त्याची शंभर छायाचित्रं १८६४ मध्ये लंडनला पुस्तकरूपाने निघाली. त्यात प्राणीही आहेत, शिकार केलेले. त्या काळची काचेची प्लेट ओली असतानाच वापरावी लागे आणि प्रकाश सेकंदांनी मोजून द्यावा लागे. तेवढा वेळ न हलणारा वाघ एकाच अवस्थेत मिळत असे. गिल बंदूकही उत्तम चालवायचा, त्यामुळे दोन्ही छंद एकमेकांना पूरक होते.

दुसरा कॅमेरा आजचा. कित्येक दशकांनी कन्नडजवळच्या गौताळा अभयारण्यात २०२१ मध्ये वाघ आला. तो जगासमोर आला कॅमेरा ट्रॅपमुळे : झाडाला बांधलेली एक पेटी, उष्ण शरीर हललं की आपोआप टिपणारी. तिला अंगठा नाही, मत नाही, तिची लेन्स पांढरी नाही. ती रात्रंदिवस एकाच वाटेवर गुपचूप थांबली आणि वाघ तिच्या समोरून गेला. ती कोणत्या कंपनीची होती, हे शहागंजात अजून कोणी विचारलेलं नाही.

स्वाध्याय

१. रिकाम्या जागा भरा : 'माझा फोटो हलला, कारण ............ ' (पर्याय : कंपनी, फर्मवेअर, पक्षी, वारा. 'मी' हा पर्याय या इयत्तेला नाही.)

२. कारणे द्या : (अ) कॅननवाला हान्सा कॅननचा विषय निघाला की चहाचे पैसे द्यायला उठतो. (आ) ८०० मिलिमीटरची लेन्स घेऊनही पक्षी लहानच येतो. (इ) घरी नवीन लेन्सची किंमत विचारली असता "जुनीच आहे, मित्राची आहे" असं उत्तर येतं.

३. फरक स्पष्ट करा : वारकरी (पक्षी) आणि वारकरी (यात्रेकरू). कोणाचा फोटो आधी विचारून काढावा?

४. प्रात्यक्षिक : तिन्ही घराण्यांच्या तीन कट्टर अनुयायांकडून शहागंजच्या एकाच घारीचे, एकाच सकाळचे फोटो मागवा. फाइलमधली कॅमेऱ्याची सगळी माहिती पुसा. तिन्ही फोटो मोबाइलवर दाखवून प्रत्येकाला स्वतःचा फोटो ओळखायला सांगा. उत्तरं कागदावर लिहून घ्यावीत, तोंडी घेतल्यास नंतर बदलतात. चहाचे पैसे निकाल वाचण्यापूर्वीच वसूल करावेत, कारण निकालानंतर तिघंही एकत्र, एकमेकांना दुजोरा देत, परीक्षकाच्या अंगावर येतात. वीस वर्षांत त्यांचं एकमत झालेला हा पहिलाच मुद्दा असतो.